नीला नावाची गाडी

डोळ्यांत औषधाचे थेंब घातले होते, त्यामुळे सगळंच धूसर दिसत होतं. दवाखान्यातून परत येताना मुलानं पिकअप अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका गॅरेजपुढं उभी केली. म्हणाला, "आई, पाच मिन्टं. मागच्या पाट्यांची बुशं गेल्यात, तेवढी टाकून घेतो."

गाडीवाल्यांची पाच मिनिटं केवढी असतात, हे मी सून होऊन आले तेव्हापासून जाणून आहे. कुणीतरी मला प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. चारी बाजूंनी मागांची खडखड चालली होती. समोरच्या कारखान्याच्या तारांवर ओले टॉवेल वाळत होते आणि रंगाच्या पाण्याचा उग्र वास येत होता. मग गॅरेजवाल्यानं गाडीखाली रॉकेल ओतलं, दोन-तीनदा हातोडा मारला, आणि त्या सगळ्या वासांना बाजूला सारून एक जुना वास वर आला. रॉकेलचा, काळ्या पडलेल्या ग्रीसचा, घासून तापलेल्या लोखंडाचा. मी डोळे मिटून घेतले. नाहीतरी त्यांना काही दिसत नव्हतं. नाक मात्र शाबूत होतं.

मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची धनुष्यासारखी वाकलेली चळत असते, ते पाटे. पाट्याचं टोक वळवून त्याचा डोळा करतात. त्या डोळ्यात बुश बसतं, बुशात पिन, आणि त्या पिनेवर गाडीचा सगळा भार झुलतो. बुश झिजलं की लोखंड लोखंडाला घासतं आणि गाडी कुरकुरायला लागते. एवढं सगळं मला कुणी बसवून शिकवलं नाही. मत्सरानं शिकवलं.

आमचे हे बिजवर होते. लग्नाआधी माझ्या घरच्यांनी ते सांगितलं होतं. पहिली बायको दुधनीची, संसार थोडाच झाला, मूलबाळ नाही, एवढं माहीत होतं. गाडीचं मात्र कुणीच काही बोललं नव्हतं. मी बार्शीकडची. वरात सोलापुरात जोडभावी पेठेत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरायला बाहेर आले, तर दारापुढं हिरव्या रंगाची पिकअप उभी. पुढं जीपसारखं नाक, मागं उघडा हौदा, आणि काचेच्या वरच्या पट्टीवर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं : नीला. अक्षरांच्या दोन्ही बाजूंना एकेक कमळ.

यांच्या पहिल्या बायकोचं नाव मला ठाऊक होतं. घागर कमरेवर घेऊन मी तिथंच उभी राहिले. शेजारची इरम्मा नळावरून म्हणाली, "आली का वळख दोगींची?"

साऱ्या पेठेला ती गाडी म्हणजे नीला होती. सुताचे व्यापारी दारात येऊन विचारायचे, "नीला हाय का मोकळी आज?" हमाल म्हणायचे, "नीला यायला उशीर करती." आणि हे अगदी सरळ चेहऱ्यानं सांगायचे, "नीला वाटंत बसली व्हती. उठवून आणली." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मीही हसायचे. मिलचा भोंगा झाला की पेठेतली माणसं कामावर निघायची. तसे हेही निघायचे. जुन्या धोतराच्या फडक्यानं काच पुसायची, पुढच्या नाकावर दोनदा हात फिरवायचा, मग गाडीत बसायचं. माझ्या पाठीवरून असा हात फिरल्याचं मला आठवत नव्हतं. नवी नवरी होते, आणि दारात उभी राहून एका गाडीकडं बघत जळत होते.

दसऱ्याला गाडीची पूजा माझ्याकडं असायची. झेंडूची माळ, आपट्याची पानं, चाकाखाली लिंबू. मी कुंकू लावायचे ते नाकावर. पट्टीपर्यंत माझा हात पोचत नाही, असं सांगायचे.

पण नावापेक्षा जास्त जाचला तो आवाज. गाडीचे पाटे तेव्हाच बोलायला लागले होते. पेठेच्या कोपऱ्यावर वळली की कुर्र, खड्ड्यात गेली की कच्च. तव्यावर भाकरी असायची, आणि तो आवाज ऐकून माझे हात आपोआप थांबायचे. इरम्मा भिंतीपलीकडून ओरडायची, "आली गं, तुझी सवत आली!" ती थट्टेनं म्हणायची. थट्टाच होती. पण एकटीनं चुलीपुढं बसून ऐकताना मला खरंच वाटायचं की कुणीतरी बाई पायांतली जोडवी वाजवत माझ्या दाराशी येते आहे, आणि माझा नवरा तिच्यासोबत येतो आहे.

दुधनीचा बाजार असला की चादरींचे, टॉवेलांचे गठ्ठे घेऊन हे पहाटे निघायचे आणि तिकडून शेंगा, तूर भरून संध्याकाळी यायचे. दुपारचं जेवण तिकडंच. कुणाकडं, ते मी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. डबा द्यायचे तो भरलेलाच परत यायचा. त्यासोबत दुसरा एक पितळी डबा असायचा. त्यात कधी शेंगांची पोळी, कधी कारळ्याची चटणी, कधी कागदासारख्या पातळ कडक भाकऱ्यांची चळत. त्या दिवशी यांच्या सदऱ्याला दुसऱ्या चुलीच्या धुराचा वास असायचा. आमच्या चुलीत बाभळीचं जळण. तो वास तुरकाठ्यांचा. मी सदरा धुताना ओळखायचे. पितळी डबा मात्र मी घासून, आत चिमूटभर साखर टाकून परत पाठवायचे. रिकामा डबा पाठवू नये, असं माझ्या आईनं शिकवलं होतं. मत्सर होता म्हणून रीत कशी सोडायची?

आणि भाषा. हे माझ्याशी मराठीत बोलायचे, पण गठ्ठे मोजायचे कानडीत. ओंदु, एरडु, मूरु. गाडी सुरू झाली नाही तर तिला रागवायचे कानडीत, आणि सुरू झाली की कौतुक करायचे तेही कानडीतच. माणूस ज्या भाषेत मोजतो आणि लाडात येतो, ती त्याच्या आतली भाषा. त्या भाषेत नीला होती, तिचं माहेर होतं, ते जेवण होतं. मी तिच्या उंबऱ्याबाहेर उभी. म्हणून मी इरम्माच्या मागं लागले. दुपारी तिच्याबरोबर शेंगा फोडायला बसायचे आणि विचारायचे, ह्याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. बा म्हणजे ये. नीर म्हणजे पाणी. म्याले म्हणजे वर, केळग म्हणजे खाली. साक म्हणजे पुरे. होट्टी म्हणजे पोट. इरम्माला वाटायचं मला हौस आहे. यांच्यापुढं मी एक शब्दही काढला नाही. चोरून जमवलेल्या वस्तूंसारखे ते शब्द मी मनात ठेवले होते. कधीतरी यांना आणि त्या गाडीला रंगेहाथ पकडण्यासाठी.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उरकली, थंडी ओसरायला लागली, आणि गाडी एका अंगाला कलायला लागली. गठ्ठे भरले की मागचं डावं चाक आत दबायचं. आवाज आता कोपऱ्यावरून नाही, पार मोठ्या रस्त्यावरून ऐकू यायचा. हे एका संध्याकाळी तेलकट कागदाची पुडी घेऊन आले आणि माझ्यापुढं उघडली. आत नवी कोरी पितळी बुशं. करंगळीएवढी लांब, बांगडीसारखी गोल, अशी लखलखीत की खोलीत कुणी दागिने मांडल्यासारखं वाटलं.

"बघ कशी हायेत," हे म्हणाले.

"छान हायेत," मी म्हणाले. "कुणासाटी?"

यांना त्यातली खोच कळली नाही. "अगं, पाट्यांसाटी. दुधनीला मस्तान मिस्त्री हाय. हिची नस न् नस त्याला म्हाईत. उद्या तितंच टाकून घेतो. दिवस जाईल सगळा."

"मीबी येते."

हे पुडी बांधता बांधता थांबले. "तू? तितं काय करशील?"

"बसून ऱ्हाईन."

माझ्या पोटात बाळ होतं. नुकतंच हलायला लागलं होतं. मी ठरवलं होतं की एकदा ते नीलाच्या माहेरचं घर डोळ्यांनी बघायचं, आणि परत येताना वाटेत सांगायचं : ते घर तरी, नाहीतर हे. मला दोन चुलींचा नवरा नको. नाहीच ऐकलं, तर बाळंतपणाला म्हणून माहेरी जायचं आणि परत यायचं नाही. भाऊ न्यायला तयार होता.

सकाळी निघालो. मी पहिल्यांदाच पुढं बसले होते. बुशांची पुडी यांनी माझ्या ओटीत ठेवली, हिंदकळायला नको म्हणून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळू उभा होता, मधूनच करडईचा पिवळा पट्टा. कुठंतरी हुरडा भाजत होते आणि त्याचा गोड करपट वास खिडकीतून यायचा. प्रत्येक खड्ड्याला गाडी कुर्र-कच्च करायची आणि हे अर्धवट वाक्य तसंच सोडून कान टवकारायचे. आजारी माणसाजवळ बसल्यासारखं तोंड केलं होतं. अक्कलकोट मागं पडलं. मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात माझं वाक्य घोकत होते.

दुधनीत शेंगांच्या वखारींच्या मागच्या गल्लीत ते घर होतं. पुढं कडुनिंबाचं झाड आणि मोकळी जागा. गाडीचा आवाज ऐकून आतून एक उंच, सडसडीत म्हातारी बाहेर आली. इरकली लुगडं, कपाळाला विभूतीचे पट्टे, हात राखेनं माखलेले. ही नीलाची आई. हे तिला अव्वा म्हणायचे. घरात ती एकटीच असायची. नवरा गेला होता, आणि एकुलती एक लेक तीही.

मी दाराचा दांडा धरून सावकाश खाली उतरले. अव्वानं माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्याकडं नाही, पोटाकडं. मग यांच्याकडं वळून ती कानडीत काहीतरी बोलली. भरभर, हलक्या आवाजात. मला त्यातला एकच शब्द सापडला : होट्टी. पोट. यांची मान खाली गेली. हे पुडी घेऊन गाडीमागं गेले. मी पदर पोटावर ओढून घेतला. हिनं माझ्या बाळाबद्दल काय म्हटलं? माझ्या नवऱ्याला मान खाली घालायला लावण्याजोगं काय होतं त्यात?

तिनं मला आत बोलावलं, "बा, यव्वा." घोंगडं अंथरलं, गुळाचा चहा दिला. मी भिंतीवर शोधलं आणि सापडलं. लाकडी चौकटीतला लहानसा फोटो, त्याला रुद्राक्षांची माळ. इतके दिवस माझ्या मनात जी नीला होती ती गोरी, मोठ्या डोळ्यांची, हळू चालणारी बाई होती. फोटोत दोन वेण्या घातलेली एक साधी पोरगी होती, समोरचे दात जरा पुढं आलेले, आणि फोटो काढणाऱ्याला घाबरलेली. मला वाटलं होतं की तिला बघितलं की राग तरी नीट येईल. उलट रागाला धरायला जागाच राहिली नाही. पण राग गेलाही नाही. घरात शिरलेल्या पाखरासारखा नुसता भिंतींवर आपटत राहिला.

बाहेर काम सुरू झालं होतं. मस्तान मिस्त्री अंगानं आडवा, मेंदी लावलेल्या दाढीचा. त्यानं जॅक लावून गाडीचा मागचा भाग उचलला, सांगाड्याखाली दगड रचले, चाकं काढली. यांनी आदल्या रात्रीच पिनांवर रॉकेल सोडून ठेवलं होतं. तरी पहिली पिन हलेना. तो हातोडा मारायचा, तोंडानं "चल मेरी माँ, चल" म्हणायचा. अखेर पिन निघाली आणि तिच्यामागून जुनं बुश खाली पडलं. मिस्त्रीनं ते उचलून दारात आणून मला दाखवलं. "देखो भाभी, कैसा खाया है!" एका बाजूनं ते कागदासारखं पातळ झालं होतं. धार लागावी इतकं. मी ते हातात घेतलं. बोटांना काळं ग्रीस लागलं. कितीतरी दिवस ज्या आवाजानं माझा जीव खाल्ला, तो या एवढ्याशा झिजलेल्या पितळेचा होता.

दुपारी जेवायला बसलो. यांची जागा ठरलेली होती, मागच्या दाराजवळचा पाट. न विचारता अव्वानं यांच्या ताटात भाकरी मोडली, वर वांग्याची भाजी ओतली, लोण्याचा गोळा ठेवला. हे काहीतरी म्हणाले, ती काहीतरी म्हणाली, आणि हे हसले. डोकं मागं टाकून, तोंडातला घास तसाच ठेवून, लहान मुलासारखे हसले. मी असं हसू आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं. त्या क्षणी मला कळलं की माझा मत्सर फोटोतल्या पोरीचा नव्हताच. या म्हातारीचा होता. जिच्यापुढं माझा नवरा मोकळा बसत होता, जिला त्याला काय आवडतं ते विचारावं लागत नव्हतं, तिचा. माझ्या ताटातही तिनं लोणी वाढलं. मी तो गोळा ताटाच्या कडेला सारला.

ऊन कललं. शेवटचं बुश तेवढं राहिलं होतं, डाव्या बाजूचं मागचं. नवं बुश पाट्याच्या डोळ्यात बसलं, पण आता तो डोळा उचलून वर सांगाड्याला लटकणाऱ्या कडीच्या भोकासमोर आणायचा होता, म्हणजे पिन आरपार जाईल. पाटा जड. हे गाडीखाली आडवे झाले, खालून हात देऊन पाटा सरळ धरायला. मिस्त्री हातोडा आणि पिन घेऊन बसला. पहारीनं पाटा उचलायला माणूस हवा होता. अव्वानं लुगड्याचा काष्टा खोचला आणि पहार धरली. मी उठले तशी तिनं मला हातानं थांबवलं.

"तू नक्को. पोट," ती मोडक्या मराठीत म्हणाली.

"भाभी," मिस्त्री म्हणाला, "वजन नक्को उठाव. इधर बैठो, सिर्फ देखो. छेद के सामने छेद आया, तो बोलो."

मी बसायच्या लाकडी पाटावर, गाडीच्या बाजूला, डोळ्यांच्या पातळीला ते भोक येईल अशी बसले. कडीचं भोक गोल होतं. त्याच्या मागं पाट्याचा डोळा जरा खाली, म्हणून पलीकडचा उजेड बीजेच्या चंद्राएवढाच दिसत होता. अव्वानं पहारीवर भार टाकला. चंद्राची कोर थोडी वाढली.

"वर," मी म्हणाले. "अजून वर."

अव्वाला कळलं नाही. ती थांबली आणि पाटा पुन्हा खाली घसरला. खालून यांचा आवाज आला, "आ गं! बोट!" अव्वा घाबरली, पहार तिच्या हातात सरकायला लागली. पहार निसटली असती तर पाटा यांच्या हातावर आला असता. मला विचार करायला वेळ नव्हता.

"म्याले!" मी ओरडले. "अव्वा, म्याले!"

तिनं दोन्ही हातांनी पहार दाबली. उजेड वाढला, अर्धा झाला, पाऊण झाला.

"म्याले, म्याले... जरा केळग... साक! साक!"

पलीकडचं ऊन आरपार माझ्या डोळ्यात आलं. मिस्त्रीनं पिन घातली, एक घाव, दोन घाव, आणि ती खण् करून बसली. अव्वानं पहार सोडून दिली आणि ती तिथंच मातीत बसली, धापा टाकत. मग गाडीखालून यांचं डोकं बाहेर आलं, कपाळाला ग्रीस, आणि डोळे माझ्यावर.

"तुला कानडी येतं?"

"थोडं."

"कवापास्नं?"

अव्वा माझ्याकडं बघत होती. पदरानं तोंड पुसलं आणि तिनं मला विचारलं, कानडीतच, पण इतकं हळू आणि सोपं करून की मला समजावं : सकाळी मी जे बोलले, तेही कळलं का?

"होट्टी," मी म्हणाले. "एवढंच. पोटाचं काईतरी बोललात. माझ्या लेकराचं."

ती मान हलवायला लागली. यांनी मध्ये पडून काही सांगायला तोंड उघडलं, तर तिनं यांना गप्प केलं. आणि मराठीचे तुकडे गोळा करत स्वतःच सांगितलं.

"लेकराचं न्हाय. माजं. होट्टीकिच्चु. पोटात आग." तिनं ग्रीसचा हात आपल्या पोटावर ठेवला. "तू गाडीतनं उतारली. दांडा धरून. हळू. माज्या नीलाला ह्ये न्हाई गावलं. असं उतरायचं न्हाई गावलं. मला आग लागली. मी ह्याला, मल्लूला सांगितलं, हिला परत आणू नगंस. मला बगवत न्हाई."

मत्सराला कानडीत पोटातली आग म्हणतात. मी इतके दिवस जी घेऊन जगत होते, ती त्या भाषेत होतीच. आणि तीच आग घेऊन ती समोर मातीत बसली होती. मी तिच्या नीलाच्या घरात राहत होते, नीलाच्या नवऱ्याचे कपडे धूत होते, आणि मीच तिच्यावर जळत होते. ती उठायला लागली तेव्हा मी हात पुढं केला. तिनं तो धरला. दोघींचेही हात इतके बुळबुळीत होते की एकदा निसटले, मग घट्ट धरावे लागले.

परत येताना गाडी बोलली नाही. खड्डा आला, गाडी खाली वर झाली, पण आवाज नाही. इतकी शांतता की चाकांखालची खडी ऐकू यायची. मी घोकलेलं वाक्य तोंडाशी होतं. पण आधी हेच बोलले.

"नाव म्या न्हाय लिवलं."

"कशाचं?"

"गाडीवरचं. तिच्या वडलांनी लिवलं. ती शाळंत व्हती तवा. गाडी त्यांची. जाताना माझ्या हवाली केली. मी काय पुसनार?" मग म्हणाले, "तुला नको आसंल तर पुसतो."

म्हणजे इतके दिवस मी ज्या अक्षरांवर जळत होते, ती माझ्या नवऱ्यानं लिहिलीच नव्हती. एका बापानं आपल्या शाळकरी पोरीसाठी लिहिली होती. मी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पुसलं तर तितं डाग पडंल. त्यो जास्त दिसंल."

माझं वाक्य मी बोलले नाही. भावाला निरोप पाठवला नाही.

मत्सर गेला, असं सांगितलं तर ते खोटं होईल. त्यानं नुसती जागा बदलली. माझ्या बाळंतपणाला माझी आई येऊ शकली नाही; अव्वा आली. पितळी डबा, विभूतीची पुडी आणि जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी घेऊन. पोराला तिनं न्हाऊ घातलं, शेक दिला, ओव्यांसारखं काहीतरी कानडीत गायलं. महिन्याभरानं जाईन म्हणाली होती. गेली नाही. गेली तरी पुन्हा यायची. पोरगं पहिला शब्द बोललं तो अव्वा. रडायला लागलं की माझ्या मांडीवरून तिच्याकडं झेपावायचं. तिच्या उबेतच झोपायचं. मी चुलीपाशी बसून त्या दोघांचं कानडी ऐकायचे. आता सगळं समजत होतं, आणि त्यातलं काहीच माझ्यासाठी नसायचं. इरम्मा म्हणायची, "सासू न्हाई, आई न्हाई, कोण गं ही तुझी?" मी सांगायचे, "म्हाईत न्हाई." पण संध्याकाळी ती ओसरीवर बसून माझे केस विंचरायची तेव्हा मी डोळे मिटून बसायचे, आणि मनात यायचं की नीलाला हे रोज मिळत होतं. फोटोतल्या त्या घाबरट पोरीचा मला मग खरा हेवा वाटायचा. पहिल्यांदाच, योग्य कारणासाठी.

पुढं गाडी म्हातारी झाली. श्रीपूरकडचा एक ऊसवाला ती घेऊन गेला. यांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. आम्ही कुणी त्यांना आग्रहही केला नाही.

अव्वा दुधनीत गेली. आजारी पडली तेव्हा तिनं हट्ट धरला की आपल्याच घरात राहायचं. हे पोराला घेऊन तिकडं गेले. माझी धाकटी लेक तापानं फणफणली होती, म्हणून मी मागं राहिले. उद्या जाते, परवा जाते, असं म्हणत राहिले. निरोप आला तेव्हा मी दुधनीच्या गाडीसाठी पिशवी भरत होते. पोचले तेव्हा तिला त्यांच्या रीतीप्रमाणं बसवून विभूती लावली होती, गळ्यात फुलं होती. चेहरा शांत होता. माझ्याकडं बघत नव्हता.

"आई, झालं. चल," मुलगा म्हणाला. हाताचं ग्रीस तो फडक्याला पुसत होता. गॅरेजवाल्यानं चाकं बसवली होती. मी उठले नाही.

"अव्वा गेली तवा तू जवळ व्हतास न्हवं?"

तो हसला. "कितीदा सांगू, आई?"

"सांग की."

तो खुर्चीजवळ उकिडवा बसला. पन्नाशीचा झालाय, केस पांढरे झालेत. म्हणाला, "सकाळची येळ व्हती. आप्पा पाणी आणाया गेलते. ती म्हणाली, भूक लागली. मी आंबील चारली. चमच्यानं. दोन चमचे घेतले. तिसरा तोंडातच ऱ्हायला. मी तिचं तोंड पुसलं."

"काय बोलली का?"

"न्हाई. माज्या हाताकडं बगत व्हती."

मी त्याचा हात धरला. मोठा, खरबरीत, नखांत काळं ग्रीस. हाच तो हात. तेव्हा लहान होता, चमचा धरायला दोन्ही हात लागले असतील. तो म्हणाला, "चल, ऊन झालं." मी त्याच्या आधारानं उठले, आणि गाडीत बसेपर्यंत तो हात सोडला नाही. नवरा माझा झाला, पोरगं माझं झालं, घर माझं झालं. पण ते दोन चमचे माझ्या हातचे नव्हते. त्या दोन चमच्यांपायी मला माझ्या पोराचा आजही हेवा वाटतो.